पाटणचा मठ आणि मुंबईचे डॉक्टर

श्रावणी पौर्णिमा होती आणि त्या दिवशी चंद्रग्रहण होते. आजच्या कालगणनेने तारीख येते ९ ऑगस्ट १२०७. खानदेशच्या दक्षिण सीमेवर, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या पाटण नगरात निकुंभ घराण्याचा राजा सोइदेव याने सर्व लोकांसमक्ष हातावर पाणी सोडून एका मठाला दान दिले. मठ काढला होता चांगदेवाने. हा चांगदेव म्हणजे देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी आणि ‘लीलावती’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि घराण्यातल्या इतर विद्वानांचे ग्रंथ या मठात नेमाने शिकवले जावेत, एवढ्यासाठी त्याने तो स्थापन केला होता.

हे सगळे तिथल्या शिलालेखात कोरलेले आहे. एखाद्या गणितीच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी संस्था निघावी, तिला उत्पन्न लावून द्यावे आणि त्याची नोंद दगडावर व्हावी, असे उदाहरण आपल्या इतिहासात फार दुर्मीळ आहे. ते खानदेशात घडले, आणि त्यामागे कारणे होती.

आज पाटणादेवी म्हटले की चाळीसगावकरांच्या डोळ्यांसमोर येते ती नवरात्रातली गर्दी, चंडिकेचे देऊळ, पावसाळ्यातले धबधबे आणि गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचे जंगल. चाळीसगावहून नैर्ऋत्येला सुमारे अठरा किलोमीटरवरचे हे ठिकाण बाराव्या शतकात मात्र राजधानी होते. निकुंभ हे यादवांचे मांडलिक, आणि सोळाशे गावांचा मुलूख त्यांच्याकडे होता. देवगिरीहून घाट उतरून खानदेशच्या सपाटीवर येणारा माल पाटणच्या बाजारातून जाई. नगरात पैसा होता, देवळे बांधणारे कारागीर होते. तिथले महादेवाचे देखणे देऊळ शके १०७५ च्या, म्हणजे ११५३ च्या सुमाराचे. त्याच्या तीनच वर्षे आधी, ११५० मध्ये, छत्तीस वर्षांच्या भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला होता.

आपला जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ चा, असे भास्कराचार्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. सह्याद्रीजवळचे विज्जडविड हे आपले गाव, असेही ते सांगतात. ते गाव नेमके कोणते, यावरचा वाद मी अभ्यासकांकडे सोडतो. पाटणच्या लेखातून कळते ते एवढे की भास्करांचा मुलगा लक्ष्मीधर याच नगरात होता. यादव राजा जैत्रपालाने त्याला इथून बोलावून नेले आणि आपल्या पंडितांचा प्रमुख केले. लेखात घराण्याची वंशावळही आहे: त्रिविक्रम, राजा भोजाकडून ‘विद्यापती’ ही पदवी मिळालेला भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग भास्कराचार्य, लक्ष्मीधर आणि चांगदेव. नऊ पिढ्या विद्या घरातून घरात आली. भास्कराचार्यांचे गुरू म्हणजे त्यांचे वडील महेश्वरच.

मठात शिकवायचे ते काय होते? ‘लीलावती’तले अंकगणित आणि भूमिती मराठी वाचकाला ऐकून तरी ठाऊक असते. ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या ‘बीजगणित’ या भागात वर्गप्रकृतीचे प्रश्न येतात. एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात एक मिळवला, तर येणारी संख्या पुन्हा पूर्ण वर्ग असली पाहिजे. तर ती मूळ संख्या कोणती? प्रश्न दोन ओळींचा, पण सर्वात लहान उत्तर २२,६१,५३,९८०, आणि येणाऱ्या वर्गाचे मूळ १,७६,६३,१९,०४९. भास्कराचार्य ‘चक्रवाल’ या आवर्ती पद्धतीने थोड्याच पायऱ्यांत तिथे पोचतात. हाच ६१ चा प्रश्न १६५७ मध्ये फर्मा या फ्रेंच गणितीने युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकला होता.

‘ग्रहगणित’ आणि ‘गोलाध्याय’ या भागांत गणिताची गाठ निसर्गाशी पडते. चंद्र रोज सारखा चालत नाही. त्याची गती वाढते, कमी होते. ग्रहणाची वेळ काढायची तर दिवसभराची सरासरी गती पुरत नाही, त्या क्षणाची गती लागते. भास्कराचार्यांनी तिला ‘तात्कालिक गती’ म्हटले आणि कोनाची ‘ज्या’ (साइन) त्या क्षणी किती वेगाने बदलते, हे ‘कोज्ये’च्या (कोसाइन) प्रमाणात मांडले. मुंजाल या ज्योतिर्विदाने दहाव्या शतकात त्या दिशेने पाऊल टाकले होते. भास्कराचार्य बरेच पुढे गेले. ग्रहाच्या स्थानातली दुरुस्ती जिथे सर्वाधिक होते, तिथे गतीतली दुरुस्ती शून्य असते, हेही त्यांनी सांगितले. कलन शिकलेल्या आजच्या विद्यार्थ्याला ही कल्पना लगेच ओळखीची वाटेल. चांगदेवाच्या मठाचे दान ग्रहणाच्या मुहूर्तावर झाले, आणि तो मुहूर्त काढण्याची विद्या हाच मठाचा अभ्यासक्रम होता.

गोलाचे पृष्ठफळ आणि घनफळ समजावताना भास्कराचार्य गोलाच्या फोडी करतात आणि त्यासाठी आवळ्यावरच्या रेघांचा दाखला देतात. पृथ्वी कशावर टेकली आहे, या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे: एक आधार मानला तर त्याला दुसरा लागेल, त्याला तिसरा, आणि हे संपणार नाही, म्हणून पृथ्वी स्वतःच्या शक्तीने अवकाशात आहे असे मानावे. तिच्यात आकर्षणशक्ती आहे, जड वस्तूला ती आपल्याकडे ओढते आणि आपल्याला वस्तू पडल्यासारखी दिसते. या वाक्यावरून न्यूटनचा शोध आपल्याकडे आधीच लागला होता असे म्हणण्याची हौस पुष्कळांना आहे. मला ती पटत नाही. त्या ओढीचे माप, अंतराशी तिचे नाते, चंद्राची कक्षा आणि पडणारा दगड यांना लागू पडणारा एकच नियम, यांतले काही भास्करांकडे नाही. त्यांच्याकडे आहे तो शेष-कूर्माच्या कल्पनेला थेट विचारलेला प्रश्न आणि निरीक्षणाला धरून राहण्याचा हट्ट. बाराव्या शतकातल्या माणसाचा मोठेपणा सांगायला तेवढे भरपूर आहे.

आता पुन्हा शिलालेखाकडे. त्याचा बराचसा भाग संस्कृत श्लोकांत आहे. शेवटी मात्र दानाचा तपशील येतो आणि भाषा बदलते. तो भाग मुख्यतः मराठीत आहे. कारण उघड आहे. राजाची आणि पंडिताची स्तुती संस्कृतात शोभते, पण कर कोणी किती द्यायचा हे ज्यांनी द्यायचा त्यांना कळायला हवे. ज्ञानेश्वरीच्या आधी आठ दशकांहून अधिक काळ कोरलेली ही मराठी आहे.

त्या ओळींत पाटणचा बाजार उभा राहतो. नगरात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला गिऱ्हाइकाकडून जे मिळे, ते मठाला दिले. ब्राह्मणांना विक्रेत्यांकडून मिळणारा हक्क त्यांनी मठाला दिला. नगराने आपल्या वाट्याचे दिले. पोफळी घेणाऱ्याने पाच पोफळी द्यायच्या. जेवढे तेलाचे घाणे चालतात, त्या प्रत्येक घाण्यामागे पळी-पळी तेल मठाचे. आणि नगरात जे काही मोजायचे ते मठाच्या मापाने मोजायचे. त्या मापणावळीचा अर्धा भाग मठाचा, अर्धा मोजणाऱ्याचा. ही शेवटची अट मला सर्वात अर्थपूर्ण वाटते. गणिताच्या पाठशाळेचे माप हे सगळ्या बाजारपेठेचे अधिकृत माप ठरले होते. सोइदेवानंतर त्याचा भाऊ हेमाडिदेव यानेही मठाला दान दिले.

म्हणजे ‘सिद्धान्तशिरोमणी’चे अध्यापन केवळ राजाच्या मर्जीवर उभे नव्हते. तेली, पोफळी विकत घेणारे, मापारी, व्यापारी, ब्राह्मण आणि राजा अशा सगळ्यांचा थोडा थोडा वाटा त्यात होता.

यादवांच्या राज्यात याच काळात शरीरशास्त्र आणि वैद्यकही असेच आश्रयाला होते. सिंघणाच्या दरबारात हिशेबखात्याचा प्रमुख होता शार्ङ्गदेव. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, आणि नादाचे विवेचन करण्यापूर्वी त्याला नाद जिथून निघतो त्या देहाचे वर्णन आवश्यक वाटले. म्हणून पहिल्याच अध्यायात गर्भाची महिन्यामहिन्याने होणारी वाढ येते. पुढे यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. त्याच्या आश्रयाला असलेला बोपदेव हा केशव नावाच्या वैद्याचा मुलगा. त्याने व्याकरणाबरोबर वैद्यकावरही लेखन केले.

भास्करांचे घराणे चांगदेवावर संपले नाही. गिरणाकाठच्या बहाळ गावी, म्हणजे आजच्या चाळीसगाव तालुक्यातच, शके ११४४ चा, म्हणजे १२२२ चा शिलालेख आहे. भास्करांचा भाऊ श्रीपती याचा नातू अनंतदेव याने तिथे भवानीचे देऊळ बांधले. हाही सिंघणाचा ज्योतिषी; त्याने ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथातल्या एका अध्यायावर आणि वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’वर टीका लिहिल्या. एका तालुक्यात, पंधरा वर्षांच्या अंतराने, एकाच घराण्यातल्या दोन विद्वानांचे दोन लेख.

मग काळ फिरला. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीची धाड देवगिरीवर आली आणि चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यादवांचे राज्य बुडाले. खानदेशात पुढे फारुकी आले. त्यांची ठाणी थाळनेर आणि बुऱ्हाणपूर. राजकारणाचे आणि व्यापाराचे केंद्र तापीकाठी सरकले, पाटण ओस पडले आणि जंगल देवळांच्या भिंतींना येऊन भिडले.

ग्रंथ मात्र नगराबरोबर बुडाले नाहीत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ लिहिली. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत नेली. गोदाकाठच्या आणि वऱ्हाडातल्या ज्योतिषी घराण्यांनी काशीला स्थलांतर केले आणि तिथे सतराव्या शतकात भास्करांवर टीकांमागून टीका लिहिल्या. ग्रंथ अनेकांच्या हाती होते, अनेक जण शिकवत होते. म्हणून एक मठ गेला तरी विद्या राहिली.

गोंधळ माजला तो कालनिर्णयाचा. कोलब्रुकने १८१७ मध्ये भास्करांचे अंकगणित आणि बीजगणित इंग्रजीत आणले, तेव्हा युरोपला कळले की इथे काही मोठे आहे. पण बेंटलीसारखे इंग्रज लेखक हिंदूंचे ज्योतिष फार अलीकडचे ठरवू पाहत होते. एकाच नावाचे दोन-दोन ग्रंथकार एकमेकांत मिसळले जात होते. १८५८ मध्ये काशीच्या संस्कृत पाठशाळेतले बापूदेव शास्त्री यांनी भास्कराचार्यांना चलनकलनाची कल्पना होती, असे बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. बापूदेव नगर जिल्ह्यातले मराठी गृहस्थ. त्यांच्या लेखावर इंग्लंडमधून आक्षेपही आले. असे दावे तपासायचे तर कोण केव्हा झाला हे आधी पक्के व्हायला हवे होते.

ते काम अंगावर घेतले एका डॉक्टरने. रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजे भाऊ दाजी, मूळचे गोव्याचे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले. त्यांचे बंधू नारायण हेही डॉक्टर. दोघांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. दिवसा रोगी, आणि उरलेल्या वेळात ताम्रपट, नाणी, शिलालेख, हस्तलिखिते. गिरनारच्या लेखांपासून अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत त्यांचे वाचन पसरले होते. अजिंठ्यापासून पाटण दूर नाही, आणि १८६० च्या दशकात रेल्वेने खानदेश मुंबईला जोडला जात होता. पाटणचा लेख त्यांनी उजेडात आणला.

१८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला: आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल आणि भास्कराचार्य यांचा काळ आणि त्यांच्या ग्रंथांचा खरेपणा. ग्रंथकारांच्या स्वतःच्या वचनांवरून आर्यभटाचा जन्म ४७६ चा हे त्यांनी ठरवले. भास्करांच्या बाबतीत पाटणचा दगड साक्षीला आला. १११४ मध्ये जन्मलेल्या माणसाचा नातू १२०७ मध्ये मठ काढतो, हे सरळ जुळत होते. ग्रंथातली तारीख आणि दगडावरची तारीख एकमेकींना आधार देत होत्या, आणि त्यानंतर भास्करांचा काळ वादाचा राहिला नाही. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये मुंबईचा शेअर बाजार कोसळला आणि भाऊ दाजींचेही मोठे नुकसान झाले. तरी दवाखाना आणि संशोधन थांबले नाही.

त्यांचा दुसरा ध्यास होता महारोग, म्हणजे कुष्ठरोग. तेव्हा या रोगाचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा १८६७ चा अहवाल तर तो संसर्गजन्य नाही असे सांगत होता. ग्रँट मेडिकल कॉलेजातच हेन्री व्हँडाइक कार्टर रोग्यांच्या शरीरात नेमके काय बिघडते याचा शोध घेत होते. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ची प्रसिद्ध चित्रे काढणारे तेच हे कार्टर. भाऊ दाजींचा मार्ग औषधाचा होता. पश्चिम घाटात होणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे तेल ते रोग्यांना देत आणि गुण येतो असे पाहत. कलकत्त्यात या कुळातल्या चालमोगऱ्याचे तेल १८५४ मध्येच पाश्चात्त्य वैद्यकासमोर मांडले गेले होते, म्हणजे दिशा योग्य होती.

पण शिलालेखाचे अक्षरन्‌अक्षर छापून जगापुढे ठेवणाऱ्या या माणसाने आपल्या उपचाराची पद्धत ग्रंथरूपाने कधीच मांडली नाही. औषध गुप्त ठेवल्याबद्दल समव्यवसायी डॉक्टरांनी त्यांना दोषही दिला. नॉर्वेत हान्सेनने १८७३ मध्ये महारोगाचा जंतू पाहिला आणि पुढच्याच वर्षी, मे १८७४ मध्ये, भाऊ दाजी गेले. त्यांना कोणत्या रोग्यात, कोणत्या मात्रेने, किती गुण आला, हे वैद्यकाच्या कामी आले नाही. कडू कवठ आणि चालमोगरा यांच्या तेलावरचे शिस्तशीर काम विसाव्या शतकात हवाई आणि कलकत्ता इथे झाले. १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत तेच तेल जगभर टोचले जात होते. १८८८ मध्ये भाऊ दाजींचे लेखन कलकत्त्याहून पुस्तकरूपाने निघाले. ते आजही संशोधकांना लागते ते शिलालेखांसाठी आणि ज्योतिर्गणितींच्या निबंधासाठी.

मला हे चुटपुट लावणारे वाटते. भाऊ दाजींची गरिबांविषयीची कळकळ निर्विवाद आहे, आणि अर्धवट तपासलेले औषध बाजारात जाऊ नये ही काळजीही समजू शकते. तरी ज्या दगडाचा त्यांनी उलगडा केला, त्यावर त्यांना नेमके हवे ते लिहिलेले होते: शिकवणारे अनेक, शिकणारे अनेक, आणि खर्च उचलणारे अख्खे नगर. मुंबईत त्यांच्या तेलाला असा मठ मिळाला नाही.

पाटणच्या लेखाचे पुढे चांगले झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवून गेलेल्या कीलहॉर्न यांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात काळजीपूर्वक पुन्हा छापला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त भास्करांच्या घराण्याची माहिती मराठीत आणली. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या १९६३ च्या संग्रहात त्यातली मराठी अभ्यासाला आली. खानदेशाने स्वतःही ही जबाबदारी ओळखली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. आयुष्यभर गावोगाव हिंडून जमवलेले त्यांचे कागद विखुरण्याआधीच धुळेकरांनी जानेवारी १९२७ मध्ये संशोधन मंडळ स्थापले, आणि ते आज धुळ्यात उभे आहे. १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ निघाले. तिथे गणित, भौतिकी आणि जीवशास्त्र हे विषय एकाच आवारात शिकवले जातात.

त्या आवारात आणि चाळीसगावच्या शाळांतही पाटणच्या लेखातला मराठी भाग एकदा वाचून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. खानदेशातल्या मुलाला तो थोड्या मदतीने कळेल. घाणा, पळी, पोफळी, माप हे शब्द त्याच्या आजीच्या तोंडी असतात. इतिहासाच्या तासाला तो वाचावा आणि पुढच्या तासाला गणिताच्या शिक्षकांनी ६१ चा प्रश्न फळ्यावर मांडावा.